दोन सह्यांची गोष्ट : संगणकशास्त्र आणि कायदा एका बाकावर का आले?

१/
सन १८९८. बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. घरातील ऐवज चोरीस गेला होता. साक्षीदार कोणी नव्हता. मात्र मागे राहिलेल्या एका बंगाली पंचांगाच्या वेष्टनावर अंगठ्याचा पुसट ठसा होता. कोलकात्यात १८९७ साली सुरू झालेल्या अंगुलिमुद्रा कार्यालयात तो ठसा एका जुन्या गुन्हेगाराच्या ठशाशी जुळला.

२/
न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाच्या आरोपातून मात्र मुक्त केले. ठशाने एवढेच सिद्ध होत होते की त्या हाताने ते पंचांग हाताळले. खून त्याच हाताने केला, असे ठसा सांगत नव्हता. पुढच्याच वर्षी, १८९९ च्या ५ व्या अधिनियमाने, भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये बोटांच्या ठशांविषयीचे तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरण्याची तरतूद आली.

३/
ठशांच्या वर्गीकरणाला ‘हेन्री पद्धत’ असे इंग्रज अधिकाऱ्याचे नाव मिळाले, तरी तिच्या उभारणीत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. ३२ गुणिले ३२ म्हणजे १,०२४ कप्प्यांची ती रचना मुळात गणिती होती. गणित आणि कायदा यांची भारतातील एक आरंभीची भेट अशी एका पोलिसी दफ्तरात झाली.

४/
त्या भेटीतून तीन प्रश्न पुढे आले. खूण कोणाची? ती सापडल्यापासून न्यायालयापर्यंत जशीच्या तशी राहिली का? आणि तिच्यातून नेमके किती सिद्ध होते? पहिला प्रश्न शास्त्राचा, तिसरा कायद्याचा, मधला दोघांचा. संगणक आल्यावर हेच तीन प्रश्न नव्या रूपात उभे राहिले. त्यांची उत्तरे शिकवण्यासाठी संगणकशास्त्राचे आणि विधी शाखेचे विद्यार्थी एकत्र का बसवावे लागतात, याचा हा इतिहास.

५/
ऑगस्ट १९८६. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा. संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. ती शोधण्याचे काम क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे आले. प्रयोगशाळेच्या यंत्रणेत कोणी परका शिरतो आहे आणि तेथून अमेरिकी लष्करी संगणकांची दारे ठोठावतो आहे, हे त्याच्या लवकरच लक्षात आले.

६/
एफबीआयने आधी दाद दिली नाही. नुकसान एका डॉलरचेही नव्हते! पुढे दूरध्वनी जोडणीचा माग काढताना आणखी एक अडसर आला. कॅलिफोर्नियातील न्यायालयाचा आदेश व्हर्जिनिया राज्यातील दूरध्वनी कंपनीवर बंधनकारक नव्हता. संकेत क्षणार्धात खंड ओलांडत होते. तपास मात्र राज्याच्या सीमेवर थांबत होता.

७/
स्टोलने दोन गोष्टी केल्या, ज्या आज कोणत्याही सायबर तपासाच्या अभ्यासक्रमात शिकवाव्यात अशा आहेत. येणाऱ्या जोडण्यांना प्रिंटर लावून घुसखोराने टंकलेले प्रत्येक अक्षर कागदावर उतरवले, म्हणजे घुसखोराला संगणकातील नोंदी पुसता आल्या तरी हा कागद त्याच्या हाती लागणार नव्हता. आणि रोजनिशीत तारीख-वेळेसह प्रत्येक घटना लिहून ठेवली. ही शिस्त विज्ञानाच्या प्रयोगशाळेतली होती. न्यायालयालाही नेमकी तीच हवी असते.

८/
अखेर बनावट लष्करी कागदपत्रांचे आमिष ठेवून घुसखोराला बराच वेळ जोडणीवर खिळवले गेले आणि माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. मार्कुस हेस हा तरुण आपल्या साथीदारांसह मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तचर संस्थेला, केजीबीला, विकत होता. १९९० मध्ये जर्मन न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. शिक्षा मात्र स्थगित ठेवली.

९/
याच काळात ब्रिटनमध्ये उलटा प्रकार घडला. तेथे माणसे सापडली, कृत्य सिद्ध झाले, पण गुन्हाच सापडेना. रॉबर्ट शिफ्रिन आणि स्टीफन गोल्ड यांनी ‘प्रेस्टेल’ या संगणकीय सेवेत दुसऱ्याचे संकेतशब्द वापरून प्रवेश मिळवला. राणीचे पती प्रिन्स फिलिप यांची टपालपेटीही त्यातून सुटली नाही. संगणक घुसखोरीचा कायदा नव्हता, म्हणून १९८१ च्या बनावट दस्तऐवजविषयक कायद्याखाली खटला भरला गेला.

१०/
बचाव पक्षाचा प्रश्न साधा आणि तांत्रिक होता : टंकलेला संकेतशब्द संगणकाच्या स्मृतीत क्षणभर राहतो आणि पुसला जातो. त्याला ‘नोंदवलेला’ किंवा ‘साठवलेला’ दस्तऐवज म्हणता येईल का? अपील न्यायालयाने नाही म्हटले. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तोच निर्णय कायम केला आणि दोघे सुटले. त्या निकालाच्या धक्क्यातून ब्रिटनचा १९९० चा ‘कॉम्प्युटर मिसयूज ॲक्ट’ जन्माला आला. स्मृती कशी चालते, हे येथे कायद्याच्या एका शब्दाचा अर्थ ठरवण्यासाठी कळावे लागले.

११/
२ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने स्वतःहून पसरणारा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. तेव्हा इंटरनेटला सुमारे ६०,००० संगणक जोडलेले होते. त्यांपैकी जवळपास ६,००० बाधित झाल्याचा अंदाज सांगितला जातो. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आपत्तींना प्रतिसाद देणारे ‘सर्ट’ हे पहिले केंद्र उभे राहिले.

१२/
खटल्यात प्रश्न हेतूचा होता. मॉरिसचा प्रोग्रॅम शिरण्यापूर्वी ‘येथे आपली प्रत आधीच आहे का’ असे विचारत असे. पण उत्तर ‘आहे’ असे आले तरी सात वेळांतून एकदा तो तरीही शिरत असे. कोणी खोटे उत्तर देऊन त्याला रोखू नये, यासाठीची ही योजना होती. तीच संगणकांना ठप्प करून गेली. प्रोग्रॅममधील ही एक अट लेखकाच्या मनाविषयी काय सांगते? त्याला नुकसान करायचे होते, की त्याचा हिशेब चुकला?

१३/
१९९१ मध्ये अपील न्यायालयाने कायद्याच्या वाक्यरचनेचा अर्थ लावला : प्रवेश हेतुपुरस्सर असणे पुरेसे आहे. नुकसानीचाही हेतू होता, हे सिद्ध करण्याची गरज नाही. मॉरिसला तीन वर्षे परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड ही शिक्षा कायम झाली. प्रोग्रॅमची ती अट समजण्यास संगणकशास्त्र लागते. ‘हेतुपुरस्सर’ हे क्रियाविशेषण वाक्यात कोठवर पोहोचते, हे ठरवण्यास कायदा लागतो. एकाच खटल्याचे हे दोन अर्धे आहेत.

१४/
४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ या शीर्षकाची ईमेल जगभर पसरली. माग फिलिपिन्सची राजधानी मनिला येथे पोहोचला. संशय एका संगणक महाविद्यालयात शिकलेल्या तरुणावर होता. इतरांचे संकेतशब्द मिळवणाऱ्या प्रोग्रॅमचा त्याचा प्रबंध-प्रस्ताव महाविद्यालयाने आधीच फेटाळला होता. मात्र अशा कृत्याला लागू पडेल असा कायदाच त्या देशात नव्हता. आरोप मागे घ्यावे लागले.

१५/
जून २००० मध्ये फिलिपिन्सने कायदा केला, पण तो पूर्वलक्षी लावता येत नव्हता. कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्याची शिक्षा नंतर देता येत नाही. भारतीय संविधानाचे कलम २० हेच सांगते. अपराधी हाती असून सुटतो, याची तंत्रज्ञाला चीड येणे स्वाभाविक आहे. हे तत्त्व उद्या त्याचेही रक्षण करणार आहे, हे त्याला शेजारी बसलेला विधी शाखेचा विद्यार्थी सांगू शकतो.

१६/
भारताचा माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्यातील कलम ४६ कडे फारसे लक्ष जात नाही. नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याला माहिती तंत्रज्ञानाचा अनुभव हवा आणि विधी किंवा न्यायदानाचाही अनुभव हवा, असे ते कलम म्हणते. दोन्ही विद्या एकाच माणसाच्या ठायी असाव्यात, ही अपेक्षा भारतीय कायद्याने तेव्हाच नोंदवली. मात्र अशी माणसे घडवणारे वर्ग तेव्हा देशात फारसे नव्हते. २००३ मध्ये हे काम राज्यांच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे देण्यात आले.

१७/
याच अधिनियमाने जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातले. संगणकातून काढलेली छापील प्रत किंवा सीडी पुरावा म्हणून हवी असेल, तर काही अटी : संगणक नियमित वापरात असावा, माहिती नेहमीच्या कामकाजात भरली गेलेली असावी, यंत्र नीट चालत असावे. आणि जबाबदार पदावरील व्यक्तीने तसे प्रमाणपत्र सही करून द्यावे.

१८/
येथे इतिहासाची एक गंमत आहे. हे कलम ब्रिटनच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्याच्या कलम ५ वरून बेतलेले होते. ते कलम ब्रिटनने १९९५ च्या कायद्याने रद्द करून टाकले होते. म्हणजे मूळ मालकाने टाकून दिलेला अंगरखा भारताने २००० साली नवा म्हणून शिवून घेतला. १९६८ चा संगणक खोलीभर पसरलेला होता. तो चालवणारा अधिकारी ठरलेला होता. २००० साली तो घरोघरी येत होता.

१९/
मग ब्रिटनचे बरे झाले का? तसेही नाही. फौजदारी खटल्यांत संगणक नीट चालत होता हे सिद्ध करण्याची १९८४ च्या कायद्यातील अट ब्रिटनने १९९९ मध्ये काढून टाकली. त्यानंतर न्यायालये असे गृहीत धरू लागली की यंत्र योग्यच चालत होते. ते चुकले हे दाखवण्याचे ओझे प्रत्यक्षात आरोपीवर आले. नेमक्या त्याच सुमारास ब्रिटिश टपाल खात्याच्या शाखांमध्ये ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेब प्रणाली बसवली जात होती.

२०/
होरायझन शाखांच्या हिशेबात तूट दाखवू लागली. शाखा चालवणारी सामान्य माणसे सांगत होती की आम्ही पैसे घेतले नाहीत. पण त्यांच्याकडे प्रणालीच्या अंतर्गत नोंदी नव्हत्या, आणि कोणत्या नोंदी मागायच्या हे त्यांच्या वकिलांनाही सहसा माहीत नव्हते. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. काहींना तुरुंग भोगावा लागला, अनेकांची घरे गेली, काहींनी जीव दिला.

२१/
२०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला : प्रणालीत दोष होते, त्यांमुळे हिशेबात तफावत येऊ शकत होती, आणि शाखेला न कळता दुरून तिच्या नोंदी बदलणेही शक्य होते. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांच्या शिक्षा एका दिवशी रद्द झाल्या. मे २०२४ मध्ये संसदेला विशेष कायदा करून उरलेल्यांपैकी शेकडो शिक्षा सरसकट पुसाव्या लागल्या. ‘दुरुस्तीच्या नोंदी दाखवा’ हा प्रश्न वेळेवर आणि योग्य शब्दांत विचारला गेला असता, तर यांपैकी किती घरे वाचली असती?

२२/
भारतातील गाडी दुसऱ्या बाजूने अडखळत होती. २००५ मध्ये संसद हल्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६५-ब च्या प्रमाणपत्राशिवायही दूरध्वनी नोंदी स्वीकारल्या. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या केरळच्या निवडणूक खटल्यात त्याच न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. २०१८ मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात पुन्हा सूट दिली. खालच्या न्यायालयांनी कोणता नियम पाळावा, हा पेच सुटला तो महाराष्ट्रातील एका खटल्यात.

२३/
स्थळ जालना. २०१४ ची विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप असा : २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ ही अर्ज भरण्याची अखेरची वेळ होती आणि खोतकर यांचे अर्ज त्यानंतर दाखल झाले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण उपलब्ध होते. सगळा वाद घड्याळाच्या काट्यांवर आला.

२४/
चित्रीकरणाच्या सीडी न्यायालयात आल्या. प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांची तोंडी साक्ष पुरेशी मानून निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम ठेवला, पण नियमही स्पष्ट केला : प्रमाणपत्र अनिवार्यच आहे. मूळ यंत्रच न्यायालयात हजर करून मालकाने साक्ष दिली तर ते लागत नाही. आणि पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही ते मिळत नसेल, तर अशक्य गोष्ट करण्याची सक्ती कायदा करत नाही.

२५/
या निकालाला जोडलेल्या सहमतीच्या मतात न्या. रामसुब्रमणियन यांनी ६५-ब चा ब्रिटिश वंशवृक्षही मांडला. न्याय मिळाला तोवर मात्र त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही झाली होती. दोन-तीन परिच्छेदांचा एक कागद कोणी, कधी आणि कशासाठी द्यायचा, हे यंत्रणेत कोणालाच नीट शिकवलेले नव्हते. त्याची किंमत जवळपास सहा वर्षे झाली.

२६/
१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ सोबतच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोघांच्या सह्या हव्यात. दोन्ही भागांत ‘हॅश’ मूल्य लिहायचे आहे. ज्या दोन विद्या १८९८ मध्ये एका खटल्यापुरत्या भेटल्या, त्यांना आता कायद्याने एकाच प्रमाणपत्रावर आणले.

२७/
हॅश म्हणजे काय? फाइलमधील प्रत्येक बिटवर गणिती प्रक्रिया करून मिळणारी ठरावीक लांबीची संख्या. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ही संख्या पूर्ण बदलते. जप्तीच्या वेळी काढलेला हॅश आणि न्यायालयातील प्रतीचा हॅश सारखा आला, तर मधल्या काळात फाइल बदललेली नाही. पुरावा जशाच्या तसा राहिला का, या प्रश्नाचे हे आधुनिक उत्तर. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ आणि ‘इतर’ असे पर्याय आहेत.

२८/
आता एकत्र वर्गाची खरी गरज पाहावी. २००४ मध्ये चिनी संशोधक वांग शियाओयुन आणि सहकाऱ्यांनी एमडी-५ सारखाच येणाऱ्या दोन भिन्न फाइली तयार करून दाखवल्या. पुढच्याच वर्षी सिडनीत वेगमर्यादा मोडल्याचा एक खटला निकालात निघाला. कॅमेऱ्याच्या छायाचित्राचे रक्षण एमडी-५ ने केले होते, बचाव पक्षाने त्यावर बोट ठेवले आणि सरकारी बाजूला उत्तर देणारा तज्ज्ञच उभा करता आला नाही. २०१७ मध्ये एसएचए-१ ची पाळी आली.

२९/
संगणकशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, एमडी-५ मोडले आहे, वापरू नका. विधी शाखेचा विद्यार्थी म्हणेल, नमुन्यातच ते छापलेले आहे. दोघेही अर्धे बरोबर. सारखा हॅश येणाऱ्या दोन फाइली आपणच आधीपासून घडवणे एक गोष्ट; आधी अस्तित्वात असलेल्या, दुसऱ्याच्या फाइलशी जुळणारी बनावट फाइल घडवणे ही कितीतरी कठीण, वेगळी गोष्ट. सिडनीत हा भेद सांगणारा तज्ज्ञ हवा होता. आणि तज्ज्ञाकडून तो नेमका वदवून घेणारा वकीलही. शहाणपण यात की भरताना एसएचए-२५६ निवडावा.

३०/
अशा वर्गातला सर्वांत उपयोगी सराव म्हणजे लुटुपुटूचा खटला. संगणकशास्त्राचे विद्यार्थी एका हार्ड डिस्कची बिटशः प्रत काढतात. मूळ डिस्कवर काही लिहिले जाऊ नये म्हणून मध्ये ‘राइट ब्लॉकर’ लावतात. हॅश नोंदवतात, अहवाल लिहितात. विधी शाखेचे विद्यार्थी पंचनामा आणि मुद्देमालाच्या नोंदी तपासतात : डिस्क कोणाकडून कोणाकडे गेली, मधले दोन तास ती कोठे होती? मग तंत्रज्ञ पिंजऱ्यात उभा राहतो आणि उलटतपासणी सुरू होते.

३१/
‘आरोपीने १० तारखेला संध्याकाळी ६.४० ला लॉगिन केले, असे आपण अहवालात म्हटले आहे ना?’ ‘हो.’ ‘सर्व्हरचे घड्याळ कोणत्या प्रमाणवेळेचे?’ येथे अनेक अहवाल कोसळतात. सर्व्हरच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. त्या नोंदीतील १८.४० म्हणजे भारतात रात्रीचे १२.१०, आणि तारीख ११. आरोपी १० तारखेच्या संध्याकाळी कोठे होता, यावर उभारलेला खटला मग कोणत्या आधारावर उभा राहणार?

३२/
पुढचा प्रश्न : ‘हा आयपी पत्ता आरोपीचा, असे आपण म्हणता. त्या क्षणी तो पत्ता किती ग्राहक वापरत होते?’ मोबाइल सेवेत एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी अनेकांना वाटून दिलेला असतो. ग्राहक ओळखण्यास पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ लागते. त्यानंतरही जोडणी कळते, कळफलकावरची बोटे कळत नाहीत. तंत्रज्ञाला येथे ‘एवढेच सांगता येईल’ म्हणायला शिकावे लागते. वकिलाला ते ऐकून तेथेच थांबायला.

३३/
हे सारे आपल्यापासून दूर नाही. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. काही रक्कम हाँगकाँगमधील खात्यात वळवली गेली. भारतात पैसे काढणाऱ्यांपैकी ११ जणांना २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शिक्षा दिली. एटीएमचे चित्रीकरण, कार्ड व्यवहारांच्या नोंदी, मोबाइल नोंदी यांतील प्रत्येक दुवा दोन्ही विद्यांच्या चाळणीतून गेल्याशिवाय अशा खटल्यात टिकत नाही.

३४/
शिक्षणाची पावलेही पडली आहेत. २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ झाले. तेथे सायबर सुरक्षेची शाळा आणि विधी शाळा एकाच छताखाली आहेत, आणि गोव्यातही त्याचे केंद्र आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांच्या एका पदविकेच्या नावातच ‘डिजिटल अँड सायबर फॉरेन्सिक अँड रिलेटेड लॉ’ अशी दोन्ही क्षेत्रे जोडलेली आहेत.

३५/
मात्र दोन विषय एका अभ्यासक्रमात छापणे आणि दोन प्रकारचे विद्यार्थी एका बाकावर बसवणे यांत अंतर आहे. पहिल्या प्रकारात प्रत्येकाला दुसऱ्या विषयाची तोंडओळख होते. दुसऱ्या प्रकारात दुसऱ्या विषयाचा जिवंत प्रतिनिधी समोर बसून ‘हे मला कळले नाही, पुन्हा सांग’ असे म्हणतो. न्यायाधीशासमोर नेमके हेच करायचे असते.

३६/
नव्या प्रमाणपत्रावर दोन सह्या आहेत, आणि त्या डोळे मिटूनही करता येतात. भाग ‘अ’ भरणाऱ्याला हॅश कळत नसेल आणि भाग ‘ब’ भरणाऱ्याला आपल्या सहीचा न्यायालयातील अर्थ कळत नसेल, तर तो कागद केवळ एक औपचारिकता उरेल. मग जालन्यासारखा खटला वर्षानुवर्षे रेंगाळेल, किंवा लंडनसारखा चुकीचा माणूस तुरुंगात जाईल. आज महाविद्यालयात शिकणाऱ्यांपैकीच कोणीतरी उद्या त्या दोन जागी सही करणार आहे.